शोलावरमची धावपट्टी आणि इरुंगाट्टुकोट्टैचा शर्यतमार्ग

मोटार शर्यतीच्या मार्गाकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. प्रेक्षकाच्या दृष्टीने तो वेगाचा रंगमंच असतो. चालक आणि मिस्त्री यांच्या दृष्टीने मात्र ती एक शाळा असते. प्रत्येक मार्ग आपल्या आकाराप्रमाणे निराळा धडा देतो, आणि ज्या प्रदेशात तो असतो त्या प्रदेशातील चालकांच्या अंगी त्या धड्याच्या खुणा राहतात. भारतात ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे दिसते ती मद्रासच्या परिसरात. या शहराच्या उत्तरेस शोलावरम येथे आधी एक उसना शर्यतमार्ग होता. पुढे पश्चिमेस इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतःचा, कायमचा मार्ग झाला. एका मार्गाने काय शिकविले, काय शिकविता आले नाही, आणि दुसऱ्याने ती उणीव कशी भरून काढली, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

उसनी धावपट्टी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात ठिकठिकाणी विमानांसाठी धावपट्ट्या तयार करण्यात आल्या. युद्ध संपले, विमाने गेली आणि अशा कित्येक पट्ट्या ओस पडल्या. इंग्लंडातही हेच घडले होते. तेथील सिल्व्हरस्टोन हा आज जगद्विख्यात असलेला शर्यतमार्ग मूळचा युद्धकालीन विमानतळ होय. तेथे १९४८ साली मोठ्या शर्यती सुरू झाल्या. सपाट, रुंद आणि वस्तीपासून दूर अशी पक्की जमीन शर्यतीच्या शौकिनांना याहून स्वस्तात कोठे मिळणार? भारतातील शौकिनांनीही तोच मार्ग धरला. कलकत्त्याजवळ बराकपूर, मुंबईत जुहू आणि मद्रासजवळ शोलावरम येथील धावपट्ट्यांवर मोटारी व मोटारसायकली धावू लागल्या.

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली स्थापन झाला आणि शोलावरमच्या शर्यती हे त्याचे मुख्य कार्य होऊन बसले. मद्रासहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्याने सुमारे २५ किलोमीटर गेले की शोलावरम लागते. शहराला पाणी पुरविणाऱ्या जलाशयामुळे हे नाव मद्रासवासीयांना परिचित होतेच. आता त्याला इंजिनांच्या आवाजाची जोड मिळाली. एक मुख्य पट्टी आणि तिला आडवी मिळणारी दुसरी, यांमुळे या मार्गाचा आकार इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा होता. शर्यतीच्या दिवसांत शहरातून व आसपासच्या गावांतून हजारोंच्या संख्येने लोक लोटत. बसगाड्या, स्कूटर, सायकली, जे वाहन मिळेल त्याने ते येत आणि उन्हातान्हात दिवसभर उभे राहून शर्यती पाहत.

मात्र ही जमीन क्लबाची नव्हती. शर्यतीपुरती ती मिळवावयाची, मार्ग आखावयाचा, कडेला अडथळे रचावयाचे, आणि कार्यक्रम आटोपला की सारे आवरून निघावयाचे, असा हा संसार होता. उसन्या घरात भिंतीला खिळा ठोकताना माणूस विचार करतो. तसेच येथे होते. पक्की सज्जे, दुरुस्तीची दालने, मार्गाबाहेर घसरलेल्या गाडीला थोपविण्याची योजना यांवर खर्च करावा तो कशाच्या भरवशावर, हा प्रश्न कायम राहिला.

टंचाईतील कसब

शोलावरमच्या भरभराटीचा काळ हा भारतात परकीय चलनाच्या टंचाईचा आणि आयातीवरील कडक निर्बंधांचा काळ होता. परदेशातून शर्यतीची गाडी आणणे ही थोड्यांच्याच आवाक्यातील गोष्ट. गोंडलच्या राजघराण्यातील शर्यतपटूची ‘सुरटीज’ बनावटीची शक्तिशाली गाडी १९७० च्या दशकात येथे धावली, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी उद्योगपती विजय मल्ल्या यांनी ‘एन्साइन’ ही फॉर्म्युला वन वर्गातील जुनी गाडी शोलावरमच्या पट्टीवर आणली. अशा गाड्या प्रेक्षकांचे डोळे दिपवीत. परंतु शर्यतींचा खरा आधार त्या नव्हत्या.

खरा आधार होता तो रस्त्यावर रोज दिसणाऱ्या वाहनांचा. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, बंगालमधील उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर आणि मद्रासच्याच कारखान्यातून बाहेर पडणारी स्टँडर्ड हेरल्ड, याच मोटारी फेरफार करून शर्यतीत उतरविल्या जात. मोटारसायकलींच्या बाबतीत मद्रासला एक सोय होती. १९५५ साली स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडिया या कंपनीचा कारखाना शहराच्या उत्तरेस तिरुवोट्टियूर येथे होता. त्यामुळे बुलेटची अंतर्बाह्य माहिती असलेले कारागीर शहरात मुबलक होते.

फेरफार म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगावयास हवे. इंजिनाचा माथा घासून आतील जागा लहान करावयाची, म्हणजे इंधन व हवा यांचे मिश्रण अधिक दाबले जाते आणि स्फोटातून अधिक शक्ती मिळते. हवा आत येण्याच्या व धूर बाहेर जाण्याच्या वाटा रुंद व गुळगुळीत करावयाच्या. गाडीतील मागची आसने, अस्तर, जादा पत्रा काढून वजन उतरवावयाचे. स्प्रिंगा आखूड करून गाडी जमिनीशी जवळ आणावयाची. यांतील कोणत्याही कामासाठी परदेशी सुटा भाग लागत नाही; लेथ, कानस, तापविण्याची भट्टी आणि अनुभवी हात पुरतात. काही जण याही पुढे गेले. त्यांनी नळ्यांचा सांगाडा स्वतः जोडून, त्यात फियाट वा हेरल्डचे इंजिन बसवून एकआसनी शर्यतगाड्याच बनविल्या.

टंचाई ही सुखाची गोष्ट नव्हे, आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. चांगले टायर, चांगले ब्रेक व खात्रीचे सुटे भाग न मिळाल्यामुळे किती तरी होतकरू चालक मागे राहिले. तरीही शोलावरमने मद्रास आणि कोईमतूर या शहरांत एक पिढी अशी घडविली, जिला यंत्र उघडून पाहण्याचे व ते सुधारण्याचे भय वाटत नव्हते. हा शोलावरमचा पहिला धडा.

वळणाचे शास्त्र

शोलावरम जे शिकवू शकले नाही, ते समजून घेण्यासाठी थोडे गतिशास्त्र पाहू.

सरळ मार्गावर गाडीचा वेग मुख्यतः इंजिनाच्या शक्तीवर अवलंबून असतो. ज्याचे इंजिन बलवान तो पुढे जातो. वळणावर हिशेब बदलतो. वळताना गाडीला वर्तुळाच्या केंद्राकडे ओढून धरणारे बल लागते, आणि ते टायर व रस्ता यांच्यातील घर्षणातूनच मिळते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटर वेगाने एखादे वळण घेण्यास जेवढे बल लागते, त्याच्या चौपट बल तेच वळण ताशी १२० किलोमीटर वेगाने घेण्यास लागेल. टायरची पकड तर तेवढीच असते. म्हणून चालकापुढे दोनच उपाय उरतात: वेग कमी करणे, किंवा वळणाची त्रिज्या वाढविणे.

त्रिज्या वाढविणे चालकाच्या हाती कसे, असे वाचक विचारील. रस्ता रुंद असतो, आणि त्याचाच फायदा घ्यावयाचा. वळणाआधी गाडी बाहेरच्या कडेला ठेवावयाची, वळणाच्या मध्यावर आतल्या कडेला स्पर्शून न्यावयाची आणि बाहेर पडताना पुन्हा बाहेरच्या कडेकडे जाऊ द्यावयाची. अशा रीतीने रस्त्याच्या वळणापेक्षा गाडीने काढलेले वळण अधिक मोठ्या वर्तुळाचे होते आणि वेग राखता येतो. शर्यतीच्या भाषेत या वाटेला ‘लाइन’ म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही. सरावाने अंगवळणी पडते.

धावपट्टीवर हा सराव पुरेसा होत नाही. विमानासाठी बांधलेली पट्टी सपाट, सरळ आणि मोटारीच्या मानाने फारच रुंद असते. अशा मार्गावर लांबलचक सरळ धाव, मग जोरात ब्रेक, एक तीव्र वळण आणि पुन्हा सरळ धाव, असा क्रम पडतो. चढ नाही, उतार नाही, एकात एक गुंतलेली वळणे नाहीत. त्यामुळे शोलावरमला इंजिनाच्या शक्तीला आणि ब्रेकच्या सहनशक्तीला विशेष महत्त्व आले. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लावताच ती सारी उष्णतेत रूपांतरित होते. जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक काही फेऱ्यांनंतर इतके तापत की पायाखालचा दट्ट्या दाबूनही गाडी हवी तशी थांबत नसे. बलवान इंजिन असलेल्या गाडीचा चालक येथे आपले उणे कसब झाकू शकत होता; कुशल चालकाला दुबळ्या इंजिनाने जिंकणे मात्र अवघड जात होते.

स्वतःच्या जमिनीवर

१९७१ साली भारतातील मोटार क्रीडा क्लबांचा महासंघ अस्तित्वात आला आणि देशभरच्या स्पर्धांना एकसूत्रीपणा येऊ लागला. नियम एक झाले तसे मार्गाच्या सुरक्षिततेचे प्रश्नही ठळक झाले. सरळ पट्टीवर वाढते वेग आणि कडेला दाटलेली गर्दी ही जोडी धोक्याची होती. अखेर मद्रासच्या क्लबाने स्वतःच्या मालकीचा कायमचा मार्ग उभारण्याचे ठरविले. मद्रास-बंगलोर हमरस्त्यावर, शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, श्रीपेरुम्बुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै येथे तो बांधण्यात आला आणि १९९० साली खुला झाला. भारतातील हा पहिला कायमस्वरूपी शर्यतमार्ग होय. मद्रास मोटर रेस ट्रॅक या नावाने तो प्रसिद्धीस आला. अलीकडे त्याचे नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट असे करण्यात आले आहे.

या मार्गाची पूर्ण लांबी ३.७१७ किलोमीटर असून त्यात १२ वळणे आहेत. लहान स्पर्धांसाठी त्याच्याच काही भागाचा आखूड मार्गही करता येतो. जमीन सपाट असली तरी वळणांची त्रिज्या निरनिराळी आहे. काही वळणे वेगात घ्यावयाची, काहींत जवळजवळ थांबल्यासारखे व्हावयाचे, आणि काहींत एका वळणाची चूक पुढच्या वळणावर भोवते. दर वळणावर सेकंदाचा दहावा भाग वाचविला तर काय होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक गाडी ही फेरी १ मिनिट ४० सेकंदांत पुरी करते. म्हणजे तिचा सरासरी वेग ताशी सुमारे १३४ किलोमीटर झाला. प्रत्येक वळणावर ०.१ सेकंद याप्रमाणे १२ वळणांत १.२ सेकंद वाचतात. त्या सरासरी वेगाने १.२ सेकंदांत गाडी सुमारे ४५ मीटर अंतर तोडते. दहा फेऱ्यांच्या शर्यतीत हाच फरक ४५० मीटरचा होतो. इंजिन तेच, टायर तेच. फरक फक्त चालकाच्या अंगच्या कसबाचा. इरुंगाट्टुकोट्टैने शिकविलेला दुसरा धडा हाच होता.

मार्गातून घडलेले चालक

मार्ग तयार झाला तरी त्यावर धावणाऱ्या गाड्या सर्वांना परवडणाऱ्या हव्यात, नाही तर शाळा बांधून विद्यार्थी नाहीत असे व्हावयाचे. ही उणीव भरून काढण्यात कोईमतूरच्या एस. करिवर्धन यांचा वाटा मोठा आहे. गिरणीमालकांच्या घराण्यात जन्मलेले करिवर्धन स्वतः चालक होते आणि शर्यतगाड्यांची रचनाही करीत. १९८३ च्या अखेरीस मारुती मोटार बाजारात आली, तेव्हा तिचे छोटे तीन सिलिंडरांचे इंजिन देशात सर्वत्र उपलब्ध झाले. ते घेऊन करिवर्धन यांनी एकआसनी, उघड्या चाकांची हलकी गाडी तयार केली. ‘फॉर्म्युला मारुती’ या नावाने तिच्या स्पर्धा सुरू झाल्या. सर्वांच्या गाड्या सारख्या, इंजिन सारखे, म्हणून जिंकावयाचे तर चांगले चालविणे एवढाच उपाय. शोलावरमच्या गॅरेजांतून आलेले कारागिरीचे कसब आणि इरुंगाट्टुकोट्टैची वळणे यांची सांगड या गाडीने घातली. १९९५ साली एका हलक्या विमानाच्या अपघातात करिवर्धन यांचा अंत झाला. कोईमतूरजवळ चेट्टिपाळयम येथे २००३ साली खुला झालेला २.१ किलोमीटर लांबीचा शर्यतमार्ग त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

कोईमतूरचे नारायण कार्तिकेयन यांनी आपली पहिली शर्यत श्रीपेरुम्बुदूरच्या याच मार्गावर, फॉर्म्युला मारुती गाडीतून केली आणि पहिल्या तिघांत स्थान मिळविले. त्यांचे वडील स्वतः नामांकित रॅली चालक होते. २००५ साली नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वन शर्यतीत उतरणारे पहिले भारतीय ठरले. २०१० साली त्या स्पर्धेत पोचलेले दुसरे भारतीय करुण चंधोक हेही मद्रासचेच. त्यांच्या घराण्याचा तेथील क्लबाशी आणि शर्यतींशी संबंध तीन पिढ्यांचा. एवढ्या मोठ्या देशातून फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेले दोन्ही चालक एकाच राज्यातून यावेत, हा योगायोग नव्हे. जेथे मार्ग होता, गाडी होती आणि शिकविणारी माणसे होती, तेथूनच चालक निघाले.

पुढे परदेशी तरुणही येथे शिकावयास आणि स्पर्धेस येऊ लागले. मद्रासच्याच एम.आर.एफ. या टायर कंपनीने भरविलेल्या आंतरराष्ट्रीय मालिकेच्या शर्यती या मार्गावर होत. २०१८-१९ च्या मालिकेचे विजेतेपद इंग्लंडच्या जेमी चॅडविक यांनी येथे पटकाविले. ती मालिका जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. उसन्या पट्टीवर अशा स्पर्धा होणे शक्य नव्हते. आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी मार्गाची मोजमापे, अडथळे, वैद्यकीय सोय आणि ध्वजाधिकाऱ्यांची व्यवस्था यांची तपासणी व्हावी लागते.

सुरक्षिततेचा हिशेब

कायमचा मार्ग म्हणजे धोका संपला, असे मात्र कोणी समजू नये. घसरलेल्या गाडीला वेग गमावण्यास जागा मिळावी म्हणून वळणाबाहेर मोकळी पट्टी व खडीचे थर ठेवतात. त्यापलीकडे टायरांच्या भिंती रचतात. खडीत चाके रुततात, टायर दबतात, आणि गाडीतील ऊर्जा हळूहळू शोषली जाते. ही योजना मोटारीला बरीच उपयोगी पडते. मोटारसायकलस्वाराचे शरीर उघडे असते, म्हणून त्याच्या बाबतीत तिला मर्यादा येतात. पडलेल्या स्वाराला मागून येणाऱ्या वाहनापासून कोणतीही भिंत वाचवू शकत नाही.

२०२३ साली या मार्गाने दोन मृत्यू पाहिले. जानेवारीत मोटारींच्या शर्यतीत एक अनुभवी ज्येष्ठ चालक दगावला. ऑगस्टमध्ये मोटारसायकलींच्या शर्यतीत १३ वर्षांचा एक मुलगा प्राणास मुकला. पहिल्या घटनेत एका प्रौढ माणसाने जाणून पत्करलेला धोका होता. दुसरीने अधिक कठीण प्रश्न उभा केला: धोका म्हणजे काय हे ज्याला अजून पुरते उमगावयाचे आहे, त्याला कोणत्या वयात आणि कोणत्या वेगाच्या यंत्रावर बसू द्यावे? जगभर मोठे शर्यतपटू बालपणीच सुरुवात करतात, हे खरे. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर मुलांना दूर ठेवा एवढ्याने संपत नाही. वयाची अट, यंत्राची शक्ती, एका वेळी मार्गावर सोडावयाच्या वाहनांची संख्या आणि शिकविण्याचा क्रम यांची सतत फेरतपासणी करणे हे शाळा चालविणाऱ्यांचे कर्तव्य ठरते. मार्ग ही शाळा आहे असे आपण म्हटले, तर शाळेची जबाबदारीही तिच्याबरोबर येते.

प्रेक्षक, पैसा आणि टिकाव

इरुंगाट्टुकोट्टैने मिळविले पुष्कळ. पण एक गोष्ट गमावली. शोलावरमला जमणारी लोकांची अफाट गर्दी येथे पुन्हा तशी जमली नाही. त्याची कारणे अनेक असावीत. दूरचित्रवाणीने जगातील मोठ्या शर्यती घरात आणल्या, रस्त्यावर नवनव्या गाड्या आल्या आणि वेगाचे नवल ओसरले. वर्षातून एकदा येणाऱ्या जत्रेचे आकर्षण वर्षभर चालणाऱ्या शाळेला नसते, हेही खरे. २०२४ च्या ऑगस्टअखेर चेन्नई शहरातच, आयलंड मैदानाभोवतीच्या रस्त्यांवर, रात्रीच्या प्रकाशझोतांत शर्यत भरविण्यात आली, तेव्हा मोटार शर्यत पुन्हा एकदा सामान्य नागरिकाच्या दारात गेली.

दुसरी तुलना अधिक बोधप्रद आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नॉयडा येथे प्रचंड खर्चाने बांधलेल्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन शर्यत झाली. नंतर कर व पैसा यांच्या वादात ती बंद पडली आणि एवढा भव्य मार्ग बराच काळ मोठ्या स्पर्धांवाचून राहिला. २०२३ साली तेथे मोटारसायकलींची जागतिक शर्यत एकवार झाली. इरुंगाट्टुकोट्टैचा मार्ग त्यामानाने लहान आणि साधा. पण तो चालूच राहिला. त्याची मालकी एका क्लबाची, आणि क्लबाची माणसे शर्यतीवर जगणारी नसून शर्यतीसाठी वेळ देणारी होती. राष्ट्रीय स्पर्धा, चालकांचे शिक्षण, कारखान्यांच्या चाचण्या अशा लहानमोठ्या कामांनी मार्ग वापरात राहिला. भोवतालचा प्रदेशही अनुकूल ठरला. मार्ग सुरू झाल्यानंतर काही वर्षांतच इरुंगाट्टुकोट्टै येथे ह्युंदाई कंपनीचा कारखाना आला आणि १९९८ पासून तेथून मोटारी बाहेर पडू लागल्या. श्रीपेरुम्बुदूरचा परिसर मोटार उद्योगाचे मोठे केंद्र बनला. रामानुजाचार्यांची जन्मभूमी म्हणून ज्या गावाकडे शतकानुशतके यात्रेकरू जात आले, त्याच वाटेवर आता नव्या गाड्यांनी भरलेल्या मालमोटारी धावतात.

एखाद्या प्रदेशात शर्यतमार्ग रुजतो तो डांबर आणि सिमेंट यांच्यावर नव्हे, हे या इतिहासावरून ध्यानात येते. शोलावरमला स्वतःची जमीन नव्हती, पण तेथे कारागीर, शौकीन व प्रेक्षक तयार झाले. त्यांच्याच बळावर इरुंगाट्टुकोट्टैला जमीन मिळाली आणि वळणे मिळाली. पुढच्या पिढीपुढील काम अधिक नाजूक आहे. गर्दीला पुन्हा मार्गाकडे आणावयाचे, साधारण घरच्या मुलामुलींना परवडेल असे शिक्षण द्यावयाचे, आणि त्या शिक्षणासाठी कोणाचा जीव जाणार नाही याची काळजी वाहावयाची. वळणावर जे चालकाला लागू, तेच येथेही लागू आहे: वेग किती घ्यावा हे आपल्या पकडीचा अंदाज घेऊनच ठरवावे लागते.